गोंदण काढण्याची घाई

सय्यद सिराज-उल-हसन यांनी निजामाच्या राज्यातल्या जाती-जमातींची मोठी नोंद १९२० मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हा औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे पाचही मराठी जिल्हे हैदराबादच्या अमलाखाली होते. तेलंगण असो, मराठवाडा असो की कानडी मुलूख, कष्टकरी घरांतल्या बायकांच्या कपाळावर, हनुवटीवर आणि हातांवर गोंदण असणे ही तेव्हा रोजची गोष्ट होती. त्या काळच्या अभ्यासकांनी गोंदणाबद्दल पुष्कळ लिहून ठेवले आहे. कोण गोंदते, कोणत्या वयात गोंदतात, तुळस कुठे काढतात आणि विंचू कुठे, मेल्यावर बरोबर काय जाते यावरचे विश्वास कोणते, हे सगळे त्यांच्या लिखाणात सापडते. नकोसे झालेले गोंदण कसे काढायचे, याची माहिती मात्र लोकाचारांच्या पुस्तकांत जवळजवळ मिळत नाही. ती शोधायची तर तुरुंगांच्या कागदपत्रांत आणि न्यायवैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांत जावे लागते. हा योगायोग नाही, असे माझे म्हणणे आहे. गोंदण काढू पाहणारा माणूस फार काळ संशयित समजला गेला, म्हणून हे काम चोरून आणि घाईने होत राहिले, आणि त्या घाईची किंमत कातडीने मोजली. आज हैदराबादेत लेझर यंत्रे आहेत, शिकलेले डॉक्टर आहेत, लेखी मार्गदर्शक तत्त्वे आहेत. तरीही सुरक्षित मार्ग निवडताना माणसे चुकतात, त्याचे मूळ याच जुन्या घाईत आहे.

आधी गोंदण अंगात टिकते कसे ते पाहिले पाहिजे, कारण काढण्याचे सगळे यश-अपयश त्यावर ठरते. दक्षिणेत हे काम बहुधा येरुकल किंवा कोरव बायका करीत. आपल्याकडचे कैकाडी त्यांचेच भाऊबंद. एडगर थर्स्टन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या बायकांच्या कामाचे वर्णन केले आहे. आदिलाबादच्या गोंडांमध्ये तोटी समाजाकडे हा मान होता. तोट्यांचे पुरुष किंगरीवर गोंडांच्या वंशकथा गात आणि बायका गोंदत. किनवट आणि राजुरा हे आजच्या महाराष्ट्रातले तालुके १९५६ पूर्वी याच आदिलाबाद जिल्ह्यात होते, तेव्हा ही परंपरा तेलुगू, गोंडी आणि मराठी अशा तिन्ही भाषांच्या शिवेवरची. रंग साधा असे. दिव्याची काजळी, पाल्याचा रस, कुठे कुठे आईचे दूध. दोन-चार सुया एकत्र बांधून हा रंग कातडीच्या वरच्या थराखाली उतरवला जाई. वरचा थर महिनाभरात झडून नवा येतो, त्यात काही टिकत नाही; खालच्या थरात गेलेले काजळीचे कण मात्र राहतात. शरीर त्यांना परके समजते आणि त्याच्या भक्षक पेशी त्यांना गिळतात. कण मोठे असतात, पचत नाहीत, म्हणून पेशी ते पोटात घेऊन जागीच बसतात. त्या पेशी मेल्या की कण मोकळे होतात आणि नव्या पेशी ते पुन्हा गिळतात. फ्रान्समधल्या मार्सेच्या संशोधकांनी २०१८ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांत हा फेरा दाखवून दिला. म्हणजे गोंदण हा कापडावरच्या डागासारखा स्थिर डाग नव्हे. शरीर ते दर पिढीच्या पेशींकडून नव्याने सांभाळून घेते. हे कळायला एकविसावे शतक उजाडले. तोवर माणसे त्याला डाग समजूनच घासत, भाजत आणि कापत राहिली.

या घासण्या-भाजण्याचा लेखी इतिहास शिक्षेपासून सुरू होतो. ग्रीक-रोमन जगात पळालेल्या गुलामांच्या आणि गुन्हेगारांच्या कपाळावर खुणा गोंदत, आणि तिथल्या वैद्यकीय ग्रंथांत त्या खुणा घालवण्याचे उपाय येतात ते मुक्त झालेल्या गुलामांसाठी. सहाव्या शतकातल्या एटियस या वैद्याने क्षार आणि राळ लावून कातडी सोलवण्याची रीत सांगितली आहे. आपल्याकडे ही गोष्ट ईस्ट इंडिया कंपनीने आणली. बंगालमध्ये १७९७ च्या नियमानुसार जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर नाव, गुन्हा आणि शिक्षेची तारीख गोंदण्याची पद्धत सुरू झाली. मद्रास इलाख्यातही ती चालली. मुंबई इलाख्याने ती स्वीकारली नाही. लोकांच्या अंगावर सौभाग्याची आणि देवाची खूण असलेली एक कला सरकारने उचलली आणि तिला कलंकाचे साधन केले. १८३० च्या दशकात ठगांच्या कपाळावरही अशा खुणा गोंदल्या गेल्या. ठगांची धरपकड निजामाच्या मुलखातही झाली होती. निजामाच्या चाकरीतला अधिकारी फिलिप मेडोज टेलर याने १८३९ मध्ये ठगाच्या कबुलीजबाबावर कादंबरी लिहिली, ती याच वातावरणातून आलेली आहे. शिक्षा भोगून सुटलेल्या माणसालाही कपाळ लपवायला पागोटे खाली ओढावे लागे, केस पुढे घ्यावे लागत, नाहीतर खूण खरवडून काढावी लागे. खरवडली तर त्याजागी व्रण येई, आणि तो व्रणही गुन्ह्याची साक्ष देई. १८४९ च्या कायद्याने ही शिक्षा बंद झाली. पण गोंदण काढणारा काहीतरी लपवतो आहे, ही समजूत मात्र सरकारी डोक्यातून गेली नाही.

ती समजूत पुढे न्यायवैद्यकाच्या पुस्तकांत स्थिरावली. जयसिंग मोदी यांचे भारतीय डॉक्टरांसाठीचे प्रसिद्ध पुस्तक १९२० चे, आणि नंतरच्या पिढ्यांनी वाचले ते डॉ. के. एस. नारायण रेड्डी यांचे, हैदराबादहून निघालेले पुस्तक. या परंपरेत गोंदणाचा विचार ओळख पटवण्याच्या प्रकरणात येतो. बेवारस प्रेत, फरारी आरोपी, खोटे नाव सांगणारा इसम यांच्या अंगावरचे गोंदण महत्त्वाचे. म्हणून ते कसे नाहीसे केले जाऊ शकते हेही विद्यार्थ्याला ठाऊक असावे लागते. कापून काढणे, तापल्या लोखंडाने भाजणे, विजेने जाळणे, दाहक द्रव्ये लावणे, गोठलेल्या कार्बन डायऑक्साइडने गोठवणे अशा रीती तिथे सांगितलेल्या असतात. त्यांच्याबरोबर एक बारकावा येतो, तो मला फार मोलाचा वाटतो. अंगावरची खूण पूर्ण नाहीशी झाली तरी जवळच्या लसिकाग्रंथीत रंगाचे कण सापडू शकतात. तपास अधिकाऱ्याच्या दृष्टीने हा पुरावा आहे. पण वैद्याच्या दृष्टीने पाहिले तर त्यात एक मोठी सूचना दडलेली होती. शरीर गोंदणाचे कण थोडेथोडे उचलून वाहून नेतच असते. माणसाने फक्त ते काम सोपे करून द्यायचे होते. पुस्तक समोर असूनही ही दिशा दशकानुदशके कुणाच्या उपयोगी पडली नाही, कारण प्रश्नच चोराला कसे ओळखावे असा विचारला गेला होता.

इथे कुणी म्हणेल की जुन्या उपायांना एवढी नावे कशाला ठेवायची. त्यांनी गोंदण जायचे तर खरे. जायचे, हे मान्य. पॅरिसच्या गास्तों व्हारियो यांनी १८८८ मध्ये टॅनिक आम्ल आणि सिल्व्हर नायट्रेट टोचून गोंदण काढण्याची पद्धत मांडली आणि ती बरीच चालली. मिठाने घासून कातडी उतरवण्याची रीत तर एटियसपासून विसाव्या शतकापर्यंत टिकली. पण या सगळ्यांचा मार्ग एकच होता. रंग ज्या कातडीत आहे ती कातडीच मारायची आणि तिच्याबरोबर रंग झडू द्यायचा. जखम वरच्यावर केली तर रंग राहतो, आणि रंगापर्यंत पोचेल इतकी खोल केली तर व्रण राहतो. या दोहोंच्या मधली जागा फार अरुंद आहे. आपल्यासारख्या सावळ्या कातडीत ती आणखी अरुंद होते, कारण जखम भरताना कधी ती काळी पडते, कधी कायमची पांढरी, आणि छातीवर किंवा खांद्यावर असेल तर उंच, खाजरा, वाढत जाणारा व्रण होण्याचे भय असते. बिब्ब्याचे तेल, कळीचा चुना, तेजाब असल्या वस्तूंबद्दल तर वेगळे सांगायलाच नको. बिब्बा उतला म्हणजे काय होते हे मराठी घरांना ठाऊक आहे. आज ऑनलाइन मिळणारी ‘टॅटू रिमूव्हल क्रीम’ याच वंशातली आहेत. सौम्य असतील तर रंग ज्या थरात आहे तिथवर ती पोचतच नाहीत. तिथवर पोचणारी असतील तर त्यांत तीव्र आम्ल असते आणि ते भाजते. डब्यावर वनस्पतीचे चित्र असल्याने यात फरक पडत नाही.

व्हारियोची पद्धत आली त्याच वर्षी हैदराबादेत सुरक्षितता म्हणजे काय, यावर एक मोठा वैद्यकीय वाद पेटला होता, आणि त्याचा या विषयाशी जवळचा संबंध आहे. हैदराबाद वैद्यकीय शाळेचे प्रमुख एडवर्ड लॉरी यांचा ठाम दावा होता की श्वासावर लक्ष ठेवले तर क्लोरोफॉर्म पूर्ण सुरक्षित आहे. १८८८ मध्ये पहिला क्लोरोफॉर्म आयोग बसला. त्याचा निकाल लंडनच्या ‘लॅन्सेट’ला पटेना, तेव्हा निजाम सरकारने खर्चासाठी हजार पौंड देऊ केले आणि १८८९ मध्ये लॉडर ब्रंटन यांना हैदराबादेत आणून दुसरा आयोग नेमला. जनावरांवर शेकडो प्रयोग झाले आणि निकाल पुन्हा लॉरींच्याच बाजूने गेला. पुढे १९११ मध्ये गुडमन लेव्ही यांनी दाखवून दिले की क्लोरोफॉर्मने हृदय अचानक बंद पडू शकते, आणि तेही भूल हलकी असताना. लॉरी अप्रामाणिक नव्हते. रोग्याला वेदनेतून सोडवण्याची त्यांची तळमळ खरी होती. पण ‘सुरक्षित’ हा शब्द साधनाला चिकटवला की डोळे मिटतात, हे या शहराने जगाला दाखवले आहे. सुरक्षित काय असते? अमुक साधन, अमुक माणसावर, अमुक प्रमाणात, अमुक हाताने. यातले एक पद बदलले की उत्तर बदलते.

लेझरच्या इतिहासातही नेमके हेच घडले, आणि म्हणून ‘लेझर म्हणजे सुरक्षित’ हे वाक्यही मी मान्य करणार नाही. पहिला माणिक लेझर १९६० मध्ये चमकला आणि काही वर्षांतच अमेरिकेतल्या सिनसिनाटीच्या लिऑन गोल्डमन यांनी तो गोंदणावर वापरून पाहिला. त्यानंतर आर्गन आणि कार्बन डायऑक्साइडचे लेझर आले. त्यांनी गोंदण काढले, पण कातडी भाजूनच. तापल्या लोखंडाचे काम महागड्या यंत्राने केले, एवढाच फरक. खरे वळण आले ते १९८३ मध्ये. रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश यांनी एक साधा विचार गणिताने मांडला. प्रकाशाचा रंग असा निवडायचा की तो गोंदणाच्या कणानेच शोषावा, आणि झोत इतका क्षणिक ठेवायचा की कणातली उष्णता आजूबाजूला पसरायच्या आत तो संपावा. अब्जांश सेकंदांच्या अशा झोतात कण फुटतो, शेजारची कातडी फारशी तापत नाही. फुटलेले बारीक तुकडे मग भक्षक पेशी आणि लसिकावाहिन्या हळूहळू उचलून नेतात. न्यायवैद्यकाच्या पुस्तकातल्या त्या लसिकाग्रंथी इथे अखेर उपयोगी आल्या. गोंदण काढण्याच्या दीड हजारांहून अधिक वर्षांच्या लेखी इतिहासात कातडी न मारता रंग घालवण्याची ही पहिलीच रीत म्हणावी लागेल. आणि तिची अट वेळ ही आहे. यंत्राचे काम क्षणात होते, शरीराचे काम आठवड्यांचे असते.

ही रीत भारतीय कातडीला कशी लागू करायची, यावरचा एक महत्त्वाचा दस्तऐवज हैदराबादशी जोडलेला आहे. हैदराबादचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. संजीव औरंगाबादकर आणि बेंगळुरूचे डॉ. वेंकटराम म्हैसूर यांनी लिहिलेली गोंदण आणि रंगडागांवरच्या लेझर उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे २००९ मध्ये त्वचारोगतज्ज्ञांच्या भारतीय नियतकालिकात आली. पाश्चात्त्य पुस्तके गोऱ्या कातडीवर बेतलेली होती. सावळ्या कातडीत स्वतःचे रंगद्रव्य भरपूर असते आणि तेही प्रकाश शोषते. म्हणजे गोंदणावर मारलेला झोत आधी कातडीच्या नैसर्गिक रंगावर आदळतो. यावर उपाय म्हणजे लांब तरंगलांबी. १०६४ नॅनोमीटरचा क्यू-स्विच्ड एनडी-याग लेझर कातडीच्या रंगात कमी शोषला जातो, खोल जातो आणि काळी-निळी शाई चांगली फोडतो, म्हणून आपल्याकडे तोच मुख्य. तांबड्या रंगासाठी ५३२ लागतो, हिरव्यासाठी ६९४ किंवा ७५५, आणि या तिन्ही ठिकाणी सावळ्या माणसाला पांढरे डाग पडण्याचा धोका वाढतो. जत्रेत गोंदलेल्या काजळीच्या किंवा साध्या काळ्या शाईच्या खुणा तुलनेने कमी बैठकांत जातात. स्टुडिओत भरून काढलेला बहुरंगी टॅटू हट्टी असतो. गुलाबी किंवा कातडीच्या रंगाची शाई तर लेझरने उलट काळी पडू शकते, कारण तिच्यातल्या लोहाचे वा टायटॅनियमचे रासायनिक रूप बदलते. म्हणून आधी कोपऱ्यातल्या छोट्या जागेवर चाचणी, मग काही आठवडे थांबून निकाल पाहणे, मग दोन बैठकांत सहा ते आठ आठवड्यांचे अंतर. दहा बैठका लागल्या तर वर्ष उलटून जाते. दोन-तीन बैठकांत साफ करून देतो असे जो सांगतो, तो एक तर गोंदण पाहून बोलत नाही किंवा झोताची ताकद वाढवणार आहे. यंत्राच्या किमतीपेक्षा मी हे उत्तर ऐकून दवाखाना निवडायला सांगेन, आणि समोरचा माणूस त्वचारोगाचे किंवा प्लास्टिक सर्जरीचे रीतसर शिक्षण घेतलेला डॉक्टर आहे ना, हे त्याच्या नोंदणीवरून तपासायला सांगेन. हैदराबादेतले बंजारा हिल्सचे चकचकीत पार्लर आणि कोठीच्या गल्लीतली खोली यांत या बाबतीत काही फरक नाही.

यावर दोन आक्षेप रास्त आहेत. पहिला असा की गोंदण लहान असेल तर एवढी वर्षभराची खटपट कशाला, सरळ कापून टाकावे. हे बरोबर आहे. ठिपका किंवा एखादे अक्षर असेल, आणि जागा अशी असेल की कातडी ताण न पडता जुळते, तर जागा बधिर करून एका बैठकीत शस्त्रक्रियेने काढणे हा उत्तम मार्ग ठरू शकतो. बारीक रेघ राहील हे आधी कबूल असले म्हणजे झाले. शाईची ॲलर्जी होऊन गोंदण सुजले, खाजू लागले असेल तर लेझर टाळून कापणेच इष्ट, कारण फुटलेले कण अंगभर प्रतिक्रिया उठवू शकतात. लपवत, कमी पैशात, विचारपूस न करता कापण्याला माझा विरोध आहे, चाकूला नाही. दुसरा आक्षेप पैशांचा. वर्षभर बैठका देणे मजुराला परवडत नाही, म्हणून तो तेजाबाकडे वळतो. हा आक्षेप मी खोडू शकत नाही. तो आक्षेप उपचारावरचा नसून व्यवस्थेवरचा आहे, आणि त्याचे उत्तर सरकारी रुग्णालयांच्या त्वचारोग विभागांत परवडणारी लेझर सेवा असणे हेच आहे. जन्मभर कपाळावर गुन्हा गोंदण्याचा खर्च सरकारे करू शकत होती.

आजच्या घाईचे सगळ्यात मोठे कारण भरती आहे. तेलंगण आणि मराठवाड्याच्या गावांतून हजारो मुले सैन्याची आणि केंद्रीय सशस्त्र दलांची तयारी करतात, आणि वैद्यकीय तपासणी जवळ आली की हातावरचे नाव आठवते. मग महिनाभरात ते घालवायचे असते. इथे नियम नीट वाचले तर पुष्कळ कातडी वाचेल. केंद्रीय दलांच्या २०१५ च्या वैद्यकीय नियमावलीत धार्मिक चिन्हे आणि नावे यांचे गोंदण चालते. डाव्या हाताच्या कोपराखालच्या आतल्या बाजूला किंवा पंज्यांच्या पाठीवर. आणि आकार त्या अवयवाच्या चौथ्या हिश्शाहून कमी. डावाच हात, कारण सलाम उजव्याने. सैन्यात आदिवासींच्या परंपरागत गोंदणाला सवलत आहे, म्हणजे आदिलाबादच्या गोंड मुलाने आजीच्या हातचे गोंदण भाजून घेण्याचे कारण नाही. सोलापूरच्या एका तरुणाला उजव्या हातावरच्या धार्मिक गोंदणामुळे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलात नाकारले गेले. त्याने ते बहुतांशी काढवूनही घेतले होते. तो मुंबई उच्च न्यायालयात गेला आणि २०१७ मध्ये न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. धार्मिक भावनेतून गोंदलेल्या खुणेने नोकरी नाकारणे न्यायालयाला पटले नाही. तेव्हा ‘काढू कसे’ या प्रश्नाआधी ‘काढणे भाग आहे का’ हा प्रश्न येतो, आणि तो जाहिरात आली त्या दिवशी विचारला तर उत्तर काहीही निघो, लेझरला लागणारा वेळ हाती असतो. भरतीच्या जाहिरातीत हा नियम ठळक, मराठीत आणि तेलुगूत छापणे मंडळांना अवघड नाही.

उरतो तो गोंदणाच्या अभिमानाचा आक्षेप. हा लोककलेचा ठेवा आहे, तो पुसायला लोकांना मार्ग कशाला दाखवायचा, असे काही अभ्यासक कळवळून म्हणतात. तोटी बायकांची कला जपली पाहिजे यात मला शंका नाही; तिचे नमुने, तिची गाणी, तिचे जाणते हात यांची नोंद व्हायला हवी आणि त्या हातांना काम मिळायला हवे. पण कला जपण्याची जबाबदारी जिच्या अंगावर ती गोंदली गेली त्या बाईच्या कातडीवर टाकता येत नाही. पुष्कळ मुलींना आठव्या-दहाव्या वर्षी, हातपाय धरून गोंदले गेले. कुणी विचारले नव्हते. त्यातल्या एखादीला साठाव्या वर्षी कपाळ मोकळे हवे असेल तर ती परंपरेचा अपमान करीत नाही, आणि ती काही लपवतही नाही. तिने उजेडात, ओळखीच्या डॉक्टरसमोर बसून किती बैठका लागतील, रेघ राहील का, पांढरे पडेल का, असे सगळे विचारावे आणि तिला सरळ उत्तर मिळावे. तिची नात त्याच गावात तेच तुळशीचे झाड हौसेने गोंदवून घेत असेल तर तिलाही नवी सुई आणि नवी शाई मागण्याचा तितकाच हक्क आहे.